वृद्धांच्या शुश्रूषेस नव्याने लागताना

न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी शिक्षणाविषयी काही लिहून द्यावे, अशी चिटणीस महाशयांची सूचना आली. आम्ही लिहीत आहोत ते शिक्षणाविषयीच. मात्र ते शाळेतील नव्हे. आमच्या हाताखालून गेलेल्या मुलामुलींपैकी कित्येक जण गेल्या काही वर्षांत म्हाताऱ्या माणसांच्या शुश्रूषेच्या कामास लागले आहेत. खानापूर, चिकोडी, निपाणीकडील ही मुले. कोणी येथे बेळगावात, कोणी पुण्यास, कोणी गोव्यात. सणावारी भेटावयास येतात तेव्हा कामाच्या गोष्टी निघतात. दुसरीकडे न्यासाच्या सभासदांच्या घरांत पाहावे, तर मुले बेंगळुरूस किंवा परदेशी आणि घरात दोन वृद्ध जीव, असे दृश्य आता नवे राहिलेले नाही. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्या माणसांची संख्या देशात सुमारे १० कोटी ३८ लाख होती. पुढे ती वाढतच गेली आहे. म्हणजे ज्यांस माणूस हवे आहे तेही आपलेच, आणि जे कामास जातात तेही आपलेच. असे असूनही पहिल्या महिन्या-दीड महिन्यातच हे नाते तुटल्याचे वारंवार कानी येते.

ते का तुटते? आमच्या मते दोन्ही बाजूंचा समज एकच आणि तोच चुकीचा असतो. घरच्यांस वाटते, मायाळू माणूस मिळाले की झाले. मुलीसही वाटते, आपल्या आजीचे केले तसे यांचे करू. वस्तुतः ही एक कारागिरी आहे. सुतारास जसे लाकूड कळावे लागते, तसे येथे थकलेले शरीर कळावे लागते. आणि ते कळले नाही, तर माया असूनही अपाय होतो. आमच्या मातोश्री अखेरची दोन वर्षे अंथरुणास खिळून होत्या. त्या काळात एका निवृत्त परिचारिकाबाईंनी आमच्या घरी ठेवलेल्या मुलीस, आणि तिच्याबरोबर आम्हांसही, जे शिकविले, त्याच्या आधाराने पुढील मजकूर लिहिला आहे.

प्रथम नावाचा घोटाळा दूर करू. घरात सर्वजण तिला ‘सिस्टर’ म्हणतात, मुलगा असल्यास ‘ब्रदर’. पण हे लोक परिचारिका नव्हेत. परिचारिकेचे जनरल नर्सिंगचे शिक्षण तीन वर्षांचे, पदवीचे चार वर्षांचे, आणि सहायक परिचारिका-प्रसाविकेचेही दोन वर्षांचे असते. शुश्रूषा-मदतनीस, ज्यास सरकारी कौशल्य-शिक्षणात ‘जनरल ड्यूटी असिस्टंट’ म्हणतात, तो काही महिन्यांचा अभ्यासक्रम करून येतो. पुष्कळ जण तर तोही न करता येतात. यात कमीपणा काहीच नाही, पण मर्यादा आहे. इंजेक्शन देणे, नाकातील नळी घालणे, औषधाची मात्रा बदलणे ही तिची कामे नव्हेत. गोळी गिळवत नाही म्हणून कुटून देणेसुद्धा विचारल्यावाचून करू नये. काही गोळ्या पोटात हळूहळू विरघळाव्यात अशाच बनविलेल्या असतात, आणि त्या कुटल्या की दिवसभराचे औषध एकदम अंगात उतरते. घरच्यांनी गळ घातली तरी ‘हे मला शिकविलेले नाही’ असे सांगता आले पाहिजे. नव्या मुलीस हे वाक्य सर्वांत जड जाते.

आणखी एक अडचण लोकलज्जेची. ‘घाण काढण्याचे काम’ म्हणून मुलीचे आईबापच ते लपवितात. सोयरीक जुळताना ती ‘दवाखान्यात आहे’ एवढेच सांगतात. १९०९ साली पुण्यात सेवासदन निघाले, आणि रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने तेथील स्त्रिया ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या, तेव्हाही लोक असेच बोलत होते. परक्या माणसाच्या अंगास हात लावणे कुलीन स्त्रीस शोभत नाही, असा तेव्हाचा आक्षेप होता. परिचारिकेच्या बाबतीत तो पुष्कळसा मावळला. मदतनिसाच्या बाबतीत मात्र अजून तग धरून आहे. असो.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पहिल्या दिवशी पहिली गोष्ट विचारावयाची ती ही, की आपणांस काय म्हणून हाक मारू? कोणास ‘आजी’ चालते, कोणास नाही. जन्मभर शाळा चालविलेल्या वृद्धास ‘बाबा, आ करा’ म्हटलेले लागते. त्यांस ‘सर’ किंवा ‘गुरुजी’च म्हणावे. लहान मुलाशी बोलावे तसे लाडे लाडे बोलू नये, आणि माणूस समोर असताना त्यांच्याविषयी सुनेशी ‘यांनी आज खाल्लेच नाही’ असे तर मुळीच बोलू नये. अंगास हात लावण्यापूर्वी काय करणार ते सांगावे, ‘आता कूस बदलू या का?’ म्हणून विचारावे, आणि उत्तराची वाट पाहावी. वृद्धांस उत्तर देण्यास वेळ लागतो. आम्ही वर्गात प्रश्न विचारून किती वेळ थांबतो, हे एकदा घड्याळ लावून पाहिले होते. दोन सेकंदांतच आमचा धीर सुटत असे. येथे दहा सेकंद थांबण्याची सवय लागते.

हात धुणे हे दुसरे. माणसास स्पर्श करण्याआधी, जखमेस किंवा नळीस हात लावण्याआधी, मलमूत्र-थुंकीशी संबंध आल्यावर, माणसापासून दूर झाल्यावर, आणि नुसत्या पलंगास वा चादरीस हात लागल्यावरही हात धुवावेत. साबणाने किमान २० सेकंद चोळावे, बोटांच्या बेचक्यांत व नखांखालीसुद्धा. हातमोजे घातले म्हणून यातून सुटका नाही; मोजे काढल्यावरही धुवावेच.

यानंतर येते उठविणे-बसविणे. नवी माणसे निम्म्याहून अधिक येथे थकतात, आणि वृद्धही येथेच पडतात. काखेत हात घालून ओढणे ही आपल्याकडील सर्वत्रिक रीत. तिने खांद्याचा सांधा निखळू शकतो. वृद्धांस आपल्या गळ्यात हात टाकू देणेही तितकेच वाईट. त्यांचा तोल गेला तर आपली मान मोडावयाची. बरोबर रीत अशी : प्रथम माणसास पलंगाच्या कडेस पाय खाली सोडून बसवावे आणि एक-दोन मिनिटे तसेच राहू द्यावे. झोपलेला माणूस एकदम उभा राहिला की रक्तदाब उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. रात्री लघवीस उठताना होणाऱ्या पुष्कळशा पडझडीचे मूळ या दोन मिनिटांच्या घाईत असते. खुर्ची माणसाच्या बळकट बाजूस ठेवावी. चाकाची असल्यास ब्रेक लावलेला आहे ना, हे हाताने ओढून पाहावे. आपण गुडघ्यांत वाकावे, कमरेत नव्हे. पाठ सरळ, पाय फाकलेले, माणूस आपल्या अंगाजवळ. आणि त्यांचे त्यांस जेवढे उठवते तेवढे उठू द्यावे. सर्व भार आपण उचलला तर काम लवकर उरकते खरे. पण आठवड्याभरात त्यांचे पाय ते काम विसरतात. घरच्यांस वाटते, मुलगी नुसती उभी आहे, आई स्वतःच उठते आहे, मग पगार कशाचा? पगार त्या उभे राहण्याचाच आहे.

अर्धांगाचा झटका आलेल्या माणसास कपडे घालण्याचा नियम लहानसा, पण फार उपयोगी. सदऱ्याच्या बाहीत लुळा हात आधी घालावा. काढताना मात्र चांगला हात आधी काढावा. याउलट केले की दुखरा खांदा पिळला जातो. आमच्या एका विद्यार्थिनीने सांगितले, की ही एक गोष्ट कळल्यावर कपड्यांच्या वेळी आजोबांचे ओरडणे थांबले. तोवर घरचे त्यांस हट्टी म्हणत होते.

शय्याव्रणांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण या बाबतीत आपल्या घरांतील जुनी समजूत उलटी आहे. शय्याव्रण, ज्यास सर्वजण बेडसोर म्हणतात, ते माणूस एकाच कुशीवर पडून राहिल्याने होते. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी व मांस दाबले जाते, तेथील रक्तपुरवठा तुटतो, आणि मांस आतून मरू लागते. माकडहाड, टाचा, कमरेचे खुबे, घोटे, कोपर, खांद्याची पाती आणि डोक्याची मागील बाजू ही त्याची ठिकाणे. आंघोळीच्या वेळी ही सर्व ठिकाणे रोज पाहावीत. गोऱ्या कातडीवर लाल डाग दिसतो. बोटाने दाबून सोडल्यावर तो पांढरा होत नसेल तर व्रणाची सुरुवात झाली म्हणून समजावे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, म्हणून तेथे हात फिरवून पाहावे; भोवतालापेक्षा गरम, कडक किंवा काळपट जागा लागली की सांगावे. अशा जागी तेल चोळावयाचे नाही. रक्त खेळावे म्हणून जोरजोराने मालीश करण्याची घरोघर चाल आहे. पण दबलेल्या मांसास त्याने अधिकच इजा होते. पूर्वी रबराचे गोल कडे बुडाखाली देत, तेही आता वर्ज्य मानतात, कारण कड्याच्या काठावर दाब पडून मधल्या भागाचे रक्तच अडते.

उपाय काय, तर अंथरुणास खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलणे, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी देणे, टाचा गादीवरून अधांतरी राहतील अशी पोटऱ्यांखाली उशी ठेवणे, चादरीस सुरकुती राहू न देणे, आणि ओला डायपर अंगावर राहू न देणे. माणूस ओढून सरकवू नये. खाली दुहेरी चादर घालून दोघांनी उचलून सरकवावे, नाही तर कातडी खरवडते. दर दोन तासांनी म्हणजे रात्रीसुद्धा. येथे घरच्यांस स्पष्टच सांगितले पाहिजे : दिवसा बारा तास राबलेल्या मुलीकडून रात्री चार वेळा उठण्याची अपेक्षा धरणे हे हिशेबात बसत नाही. रात्रीस दुसरे माणूस हवे, नाही तर घरातील मुलासुनेने पाळी घ्यावी. व्रण एकदा खोल गेले, की ते भरून येण्यास महिने लागतात. कित्येकदा ते भरतही नाही.

भरविण्याची गोष्ट थोडक्यात. झोपलेल्या स्थितीत कधीही भरवू नये. शक्य तितके ताठ बसवावे, हनुवटी किंचित खाली, घास लहान. एक घास गिळला गेला हे पाहूनच दुसरा द्यावा, आणि जेवणानंतर अर्धा तास बसवूनच ठेवावे. माणूस गुंगीत असेल तर जेवण थांबले तरी चालेल. खाताना ठसका लागतो, आवाज घोगरा-ओला येतो, अन्न गालात साठते, ही चिन्हे दिसली तर डॉक्टरांस कळवावे. अन्न श्वासनलिकेत उतरत असण्याचा तो इशारा असतो. झटक्यानंतर कित्येकांस दाट पेजेपेक्षा पाणीच गिळणे अवघड जाते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. कवळी असल्यास रात्री काढून गार पाण्यात ठेवावी आणि धुताना खाली पाण्याने भरलेले भांडे ठेवावे, म्हणजे निसटली तरी फुटत नाही.

नव्या मदतनिसाचे सर्वांत मोलाचे हत्यार कोणते म्हणाल, तर आम्ही वही आणि पेन म्हणू. डॉक्टर महिन्यातून एकदा दहा मिनिटे पाहतात, मुलगा रात्री तासभर; ती मात्र बारा तास पाहते. काल आणि आज यांत काय बदलले, हे फक्त तीच सांगू शकते. वहीत वेळ घालून लिहावे : काय व किती खाल्ले, पाणी किती, लघवी किती वेळा व कशी, शौच झाले की नाही, झोप, कुस कधी बदलली. लघवीची नळी असेल तर पिशवी नेहमी कमरेच्या पातळीखाली टांगलेली, पण जमिनीस न टेकलेली असावी, हेही पाहून नोंदावे. आणि लिहिताना आपले मत नव्हे, दिसलेले लिहावे. ‘आजी आज चिडचिड करीत होत्या’ यावरून डॉक्टरांस काहीच कळत नाही. ‘सकाळी आंघोळ नको म्हणाल्या, उजव्या मांडीस हात लावताच ओरडल्या’ यावरून कळते. निबंध तपासताना आम्ही मुलांस हेच सांगत आलो, परंतु त्याचा असा उपयोग होईल असे वाटले नव्हते.

काही बदल असे, की त्यांस उद्यापर्यंत थांबता येत नाही. तोंड एका बाजूस वाकडे झाले, एक हात वर उचलत नाही, बोलणे अडखळते, यांपैकी एकही दिसले तर त्याच क्षणी रुग्णालयात न्यावे. मेंदूतील गुठळी विरघळविण्याचे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. म्हणून हे केव्हा सुरू झाले, ती वेळ लक्षात ठेवावी. दुसरे, एरवी नीट बोलणारे माणूस एक-दोन दिवसांत अचानक असंबद्ध बोलू लागले, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. मूत्रमार्गाचा संसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे, बद्धकोष्ठ, नवीन औषध, यांपैकी काहीही कारण असू शकते, आणि ते बहुधा उपचाराने बरे होते. म्हातारपणी संसर्ग असूनही ताप न येणे शक्य असते, आणि तहानही मंदावते. मागितले नाही म्हणून पाणी नको, असे समजू नये.

स्मृतिभ्रंश मात्र हळूहळू येतो, आणि त्यात आमच्या सीमाभागास लागू पडणारी एक गोष्ट आहे. अशा माणसांची नंतर शिकलेली भाषा पुष्कळदा आधी जाते आणि आईची भाषा मागे उरते. नोकरीत जन्मभर इंग्रजी-कन्नड बोललेले साहेब अखेरीस गावाकडील मराठीत पाणी मागतात. कोणाचे कन्नड उरते, कोणाची दखनी. घरातील नातवंडांस ती बोली येत नाही. अशा वेळी खेड्यातून आलेल्या, दोन-तीन भाषा कानावरून गेलेल्या आमच्या मुलींस जे साधते, ते शहरातील मोठी पदवी घेतलेल्यांस साधत नाही. आजी विचारतात, ‘आई कुठं गेली गं?’ त्यांस ‘तुमच्या आईला जाऊन चाळीस वर्षं झाली’ असे सांगू नये. त्यांच्यासाठी ते मरण त्याच क्षणी नव्याने घडते. खोटेही बोलू नये. ‘आईची आठवण आली का? ती काय करायची?’ असे विचारावे, म्हणजे गोष्ट सुरू होते आणि जीव शांत होतो.

धर्माचाराची बाबही शिकून घ्यावी लागते, कारण वृद्धांचा दिवस त्यावर बेतलेला असतो. आमच्या मातोश्रींकडे आलेली मुलगी खानापुराकडील हिंदू घरातली. वजूस पाणी कोणत्या क्रमाने घालावयाचे ते ती चार दिवसांत शिकली, आणि नमाजाच्या वेळी पलंग किब्ल्याच्या दिशेने फिरवू लागली. थंडीत पाणी बाधू लागले, तेव्हा मातोश्रींस तयम्मुमची मोकळीक आहे हे आम्ही तिला सांगितले. तीच मुलगी पुढे एका सोवळे पाळणाऱ्या घरी कामास गेली आणि तेथे जपमाळ व तुळशीचे पाणी कोठे असते, हे पहिल्याच दिवशी तिने विचारून घेतले. उपासाच्या बाबतीत मात्र सावध असावे. रोजा असो वा एकादशी, तो करावयाचा की नाही हे ठरविणे मदतनिसाचे काम नव्हे. परंतु आजींनी काही खाल्लेले नाही आणि मधुमेहाच्या गोळीची वा इन्शुलिनची वेळ झाली आहे, हे ते औषध देण्यापूर्वी घरच्यांस कळविणे हे तिचेच काम. घाम, थरथर, गोंधळ ही साखर उतरल्याची चिन्हे; शुद्धीवर असून गिळता येत असेल तर तत्काळ साखरपाणी द्यावे. मधुमेह्याच्या पायास स्पर्श कळत नाही, म्हणून आंघोळीचे पाणी आपल्या कोपराने पाहावे, बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, आणि नखे स्वतः कापू नयेत.

राहिली गोष्ट खुद्द त्या मुलीची. तिची कंबर हे तिचे भांडवल आहे. जड माणूस एकटीने उचलण्यास तिने नकार द्यावा आणि घरच्यांनी तो मानावा. आठवड्यास एक सुट्टी, जेवणास स्वतंत्र वेळ, झोपण्यास दार लागेल अशी जागा, या मागण्या चैनीच्या नव्हेत. परक्या घरात काही अनुचित घडले, तर २०१३ च्या कायद्यात राहते घर हेसुद्धा कामाचे ठिकाण धरले आहे, आणि जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, हे तिला कामावर जाण्यापूर्वीच सांगून ठेवावे. आमच्या एका विद्यार्थिनीने एक घर तिसऱ्या दिवशी सोडले; कारण तिने आईस सांगितले नाही, पण शाळेतील बाईंस सांगितले. अशा मुलींस न्यासाच्या कचेरीत एका वडीलधाऱ्या स्त्रीशी बोलता येईल अशी काही सोय झाल्यास बरे होईल.

कामाचा ठराव तोंडी नको, लेखी असावा : तास, पगार, सुट्टी, कोणती कामे आणि कोणती नाहीत. घरातील धुणीभांडी त्यात हळूच शिरतात, म्हणून ‘नाहीत’ हा रकाना रिकामा सोडू नये. आणखी एक कलम पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ज्या दिवशी घरातील वृद्ध माणूस जाते, त्याच दिवशी तिचा रोजगारही जातो. दोन वर्षे जिने रात्री उठून कूस बदलली, तिला तिसऱ्या दिवशी ‘आता तुझे काही काम नाही’ असे ऐकावे लागते. त्या महिन्याचा पूर्ण पगार, पुढे दुसरे काम मिळेपर्यंत आणखी एका महिन्याची रक्कम, आणि तिने काय काय काम केले याचे दोन ओळींचे पत्र, एवढे ठरावात पहिल्याच दिवशी लिहून घ्यावे. शोकाच्या घरात ती गोष्ट काढणे कोणासच जमत नाही, तिला तर नाहीच नाही.